कुंपणाबाहेरचा शब्द

इंग्रजीत कुणी फारच वाईट वागलं, की ते वागणं 'बियॉन्ड द पेल' ठरतं. श्रोतेहो, हा 'पेल' फिकट रंगाचा नव्हे. पेल म्हणजे कुंपणाचा खुंट, मूळ लॅटिन 'पालुस'. आयर्लंडमध्ये डब्लिनभोवतीच्या इंग्रजी अमलातल्या मुलखालाही 'पेल' म्हणत. वाक्प्रचार तिथूनच निघाला, असं पुष्कळजण सांगतात. ठोस पुरावा नाही.

भाषांतर करताना 'गावकुसाबाहेर' हा शब्द समोर येतो. शब्दशः अगदी नेमका. पण इंग्रजीतला माणूस स्वतःच्या करणीनं कुंपणापलीकडे जातो. आपल्याकडे गावकुसाबाहेर माणसं जन्माला आली, काहीच न करता. त्यांच्या वस्तीचं नाव मी निंदेसाठी कसं वापरू? मी 'हद्द सोडली' असं लिहितो. हद्द अरबीतून आली, मराठीत केव्हाच रुळली.