पशुसेवेचे नेतृत्व गावाकडे

(गिरड, जिल्हा वर्धा येथे सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व पशुकल्याण कार्यकर्ते यांच्यासमोर माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



समुद्रपूर तालुक्यातील गिरड हे गाव शेख फरीदांच्या दर्ग्यामुळे दूरवर परिचित आहे. परंतु गावाचे दैनंदिन जीवन येथील कापूस, तूर, सोयाबीन आणि गोठ्यातील जनावरांवर चालते. ऐन पेरणीत जोडीतील एक बैल दगावला, तर उरलेला बैल एकट्याने वखर ओढू शकत नाही. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या दृष्टीने तो एका जनावराचा मृत्यू नसतो. हंगामच हातचा जातो. म्हणूनच एखादी प्राणिकल्याण संस्था पशुवैद्यकीय सेवा घेऊन गावाच्या वेशीवर येते, तेव्हा त्या सेवेचे नेतृत्व कोणी करावयाचे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

करुणेची वाटचाल

या कार्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. मुंबईत प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारी संस्था १८७४ साली स्थापन झाली. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून परळ येथे बाई साकरबाई रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली त्याच्या सान्निध्यात मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दयेला शास्त्राची जोड अशा रीतीने लाभली. मात्र या व्यवस्थेत आजारी जनावराला रुग्णालयापर्यंत यावे लागत होते.

पुढचे पाऊल आपल्या वर्धा जिल्ह्यात पडले. १९४१ साली जमनालाल बजाज यांनी गोसेवा संघाच्या कार्यास स्वतःला वाहून घेतले आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये देहावसान होईपर्यंत तोच त्यांचा ध्यास राहिला. गाय पूजली एवढ्याने ती जगत नाही; तिचे पोषण, पैदास आणि तिच्या दुधाचा व्यवहार सुधारला पाहिजे, ही त्यामागील दृष्टी होती. आर्वी, आष्टी, कारंजा या भागांतील चपळ गवळाऊ जनावरे हे या जिल्ह्याचे भूषण आहे, हे येथे सांगावयास नकोच.

तिसरे पाऊल उरुळी कांचनचे. महात्मा गांधींनी १९४६ साली तेथे निसर्गोपचाराचे कार्य सुरू केले आणि ते मणिभाई देसाई यांच्याकडे सोपविले. याच मणिभाईंनी १९६७ साली आज 'बाएफ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची स्थापना केली. या संस्थेने कृत्रिम रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. जनावराने दवाखान्यात जाण्याऐवजी सेवा गोठ्यात आली. आता चौथे पाऊल गावाने उचलावयाचे आहे.

उपचारापूर्वीचे काम

घटसर्पाचे उदाहरण घ्या. जनावराला जोराचा ताप येतो, गळ्याला सूज येते, श्वास घरघरतो आणि पुष्कळदा एकदोन दिवसांतच ते दगावते. अशा वेळी बोलावलेला कुशल पशुवैद्यकही अनेकदा उशिरा पोहोचलेला असतो. त्याउलट पावसाळ्यापूर्वी दिलेली लस हे संकट बहुधा टाळू शकते. परंतु लसीने प्रतिकारशक्ती येण्यास दोनतीन आठवडे लागतात; म्हणजे शिबिर मे महिन्यातच झाले पाहिजे. तारीख ठरविणे, दवंडी देणे, जनावरे चरावयास जाण्यापूर्वी आखरावर थांबविणे, ही कामे डॉक्टरांची नाहीत. ती गावाची आहेत.

म्हणून सेवाभावी संस्थेच्या प्रमुखाने वर्षअखेरीस किती जनावरांवर उपचार केले एवढेच मोजू नये. किती जनावरांवर उपचाराची पाळीच आली नाही, हेही त्याने विचारले पाहिजे.

माहिती हेही औषधच

२०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ राज्यात आली. जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, शेळ्यांच्या देवीची लस गायीबैलांना टोचण्यात आली आणि मृत जनावरांसाठी शासनाने अर्थसाहाय्य दिले. त्याच वेळी दूध पिण्याने हा रोग माणसाला होतो, अशी अफवा पसरली. वस्तुतः हा रोग माणसाला होत नाही. तो मुख्यतः माश्या, डास व गोचिडांमार्फत जनावरांत पसरतो. रोगाने दूध घटले ते घटलेच. अफवेने उरलेल्या दुधाचे गिऱ्हाईकही गेले. अशा प्रसंगी गावात सर्वप्रथम ज्याच्या शब्दावर विश्वास बसतो तो बहुधा शिक्षक असतो. ही जबाबदारी त्यांनी आपली मानावी.

काय करता येईल

ग्रामपंचायतीने तीनचार गोष्टी मनावर घ्याव्यात. पहिली, एक मजबूत खोडा आणि त्यावर सावली. जनावर नीट आवरता आले, तर त्याला इजा होत नाही आणि टोचणाऱ्यालाही होत नाही. दुसरी, पशुनोंदवही. कानातील बिल्ल्याच्या बारा अंकी क्रमांकापुढे लसीची तारीख लिहिली, की राहिलेले जनावर आपोआप दिसते. तिसरी, खबर. आजाराची शंका येताच तालुक्याचा दवाखाना किंवा फिरत्या पथकासाठी असलेला १९६२ हा दूरध्वनी क्रमांक यांना कळवावे. अकस्मात मेलेल्या जनावराची कातडी सोलण्याची घाई करू नये. काळपुळीसारखा रोग माणसालाही जडतो.

चौथी गोष्ट श्रमणाऱ्या जनावरांची. ओझे व गाडी ओढणाऱ्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांनुसार, तापमान ३७ अंशांवर जाते अशा भागात दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावराला कामास जुंपण्यास मनाई आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात या नियमाचे मोल वेगळे सांगावे लागू नये. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो. त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलावून जुवाने सोललेले खांदे तपासून घेतले, तर सणाचा हेतूच सफल होईल.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांना दिला आहे. कार्यकर्त्याने उत्साहाच्या भरात सुई हाती घेऊ नये. त्याने जनावर, मालक व डॉक्टर यांची वेळेवर गाठ घालून द्यावी. त्याचे खरे कौशल्य त्यातच आहे.

संस्थेचे साहाय्य आज आहे, उद्या तिला दुसऱ्या गावी जावे लागेल. शासनाचा दवाखाना कायम आहे, परंतु त्याच्याकडे अनेक गावे आहेत. या दोहोंच्या मधले दिवस गावाने सांभाळावयाचे आहेत. पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर लसीकरणाची तारीख आणि पशुनोंदवही हे दोन विषय घ्यावेत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.