अंधाऱ्या फ्लॅटमध्ये आजीची मिरची

आज पाहुणे नाहीत, मी एकटीच आहे. म्हणजे अगदी एकटी नाही, माझ्यासमोर टेबलावर मिरचीची चार रोपं आहेत. ती इथे कशी पोचली तेच आज सांगणार आहे. ज्यांच्या घरात ऊन येत नाही आणि तरीही काहीतरी लावायचंय, त्यांनी शेवटपर्यंत ऐका.

माझी आजी कोकणातली. तिच्या परसात एक छोटी, बुटकी, जहाल तिखट मिरची असायची. दरवर्षी ती चांगली पिकलेली फळं निवडून सुकवायची आणि बी राखेत घोळवून डबीत भरून ठेवायची. मागच्या वर्षी आजी गेली. परसातली झाडं त्याआधीच गेली होती, कारण तिला वाकून पाणी घालणं जमत नव्हतं. घर आवरताना मला ती डबी सापडली. बिया मोजल्या, तेवीस. काकाला विचारलं, गावात आणखी कोणाकडे असतील का? तो म्हणाला, "नाही गं, आता सगळे बाजारातूनच आणतात."

म्हणजे होत्या त्या तेवीसच. त्यात मिरचीचं बी काही वर्षांनी उगवेनासं होतं, त्यामुळे थांबून चालणार नव्हतं.

मी राहते डोंबिवलीत, पहिल्या मजल्यावर. खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. जूनमध्ये बारा बिया लावल्या आणि ट्रे खिडकीत ठेवला. नऊ उगवल्या! मी इतकी खूश की सकाळ-संध्याकाळ पाणी. आठवड्यात रोपं बोटभर उंच झाली. मला वाटलं, काय वाढतायत! ती वाढत नव्हती, उजेड शोधत होती. दोऱ्यासारखी बारीक, सगळी खिडकीकडे वाकलेली. घाईघाईने ऑनलाइन एक जांभळा बल्ब मागवला. खोक्यावर लिहिलेलं १००० वॅट, प्रत्यक्षात त्याच्या दहावा हिस्साही नव्हता. तोही मी तीन फुटांवर टांगला. आणि एका सकाळी बघते तर रोपं आडवी. मातीला टेकतं तिथे खोड पिचून काळपट झालेलं. दोन दिवसांत नऊच्या नऊ गेली.

त्या दिवशी मी खरंच रडले. उरल्या अकरा. त्यांना हात लावायच्या आधी महिनाभर वाचलं, विचारलं, मोजलं. त्यातलं जे उपयोगी पडलं ते आता सांगते.

पहिली गोष्ट उजेड. आपले डोळे आपल्याला फसवतात. खोलीत आपल्याला लख्ख वाटतं, पण भर उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो आणि घरातल्या खोलीत दोन-तीनशे. फोनवर लक्स मोजायचं फुकट ॲप मिळतं. आकडा अगदी अचूक नसतो, पण अंदाज येतो. माझ्या खिडकीत ढगाळ दिवशी सहाशेच्या आसपास दाखवत होतं. छोट्या रोपाला निदान पाच ते दहा हजार हवेत.

त्यासाठी महागडा ग्रो लाइट लागतोच असं नाही. मी इलेक्ट्रिकच्या दुकानातून साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब आणल्या, २० वॅटच्या तीन. पांढऱ्या उजेडात निळा, लाल सगळेच रंग असतात. निळ्यामुळे रोप बुटकं आणि जाड राहतं. खोक्यावर ६५०० के लिहिलेलं बघा, म्हणजे थंड पांढरा उजेड.

खरी गंमत अंतरात आहे. छोट्या बल्बपासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड जवळजवळ चौथाई होतो, लांब ट्यूबखाली साधारण निम्मा. म्हणून ट्यूब रोपांच्या डोक्यापासून वीतभरापेक्षा जवळ, दहा ते पंधरा सेंटिमीटरवर. मी त्या मांडणीच्या फळीला दोरीने टांगल्या, रोपं वाढली की दोरी वर ओढायची. पानाच्या उंचीवर तळहाताची मागची बाजू अर्धा मिनिट धरा. चटका जाणवला तर ट्यूब वर घ्या.

किती वेळ? दिवसाला १४ ते १६ तास, मग अंधार. रोपालाही रात्र लागते. साधा टायमर लावा, नाहीतर आपण विसरतो. बिलाचं म्हणाल तर ६० वॅट, १६ तास, म्हणजे दिवसाला साधारण एक युनिट. आणि हो, पाणी आणि वीज जवळजवळ आहेत, तेव्हा प्लग आणि एक्स्टेन्शन बोर्ड ट्रेच्या वरच्या उंचीवर, बाजूला ठेवा. खाली जमिनीवर नको.

दुसरी गोष्ट पाणी. माझी रोपं ज्याने मेली त्याला मर रोग म्हणतात. सतत ओली माती आणि कोंदट हवा मिळाली की मातीतल्या बुरशी कोवळ्या खोडावर तुटून पडतात. एकदा रोप पिचलं की ते वाचत नाही, त्यामुळे जे करायचं ते आधीच करायचं. जुनी कुंडीतली माती नको. मी नवीन कोकोपीट आणि थोडं गांडूळखत घेतलं, तळाला भोकं असलेले कप घेतले. बी अर्धा सेंटिमीटर खोल. उगवेपर्यंत वर प्लास्टिक, कारण मिरचीला ऊब लागते, २५ ते ३० अंश. पण पहिली मान वर दिसली की त्याच दिवशी प्लास्टिक काढायचं आणि ट्यूब लावायची. दोन दिवस उशीर झाला तरी खोड लांबतं.

पाणी वरून ओतायचं नाही. ताटलीत पाणी घालून कप त्यात ठेवा, वीस मिनिटांनी उरलेलं फेकून द्या. पुन्हा कधी? कप उचलून बघा. हलका लागला तर द्या, जड असेल तर थांबा. छोटा टेबलफॅन लांबून, मंद, रोज काही तास. पानं नुसती थरथरली पाहिजेत. हवा खेळते आणि खोडही मजबूत होतं.

आणि खताची घाई नको. पहिली दोन गुळगुळीत पानं ही बियाचीच असतात, त्यांच्यात शिदोरी असते. त्यानंतरची खरी पानं दोन जोड्या आली की मग अगदी पातळ खत.

ऑगस्टमध्ये अकरा बिया लावल्या. नवव्या दिवशी पहिली उगवली, मग आणखी पाच. एक मुंग्यांनी कुरतडली, एक माझ्या हातून मोडली. उरली चार. सहा आठवड्यांनी गच्चीवर न्यायला लागले. पहिल्या दिवशी फक्त तासभर, तेही सावलीत, मग रोज थोडं जास्त, असं आठ-दहा दिवस. ट्यूबखाली वाढलेलं रोप एकदम भर उन्हात ठेवलं तर पानं करपतात.

काल एका झाडावर पहिलं फूल दिसलं, पांढरं, खाली मान घातलेलं. मी त्यावर पातळ कापडाची पिशवी बांधलीय. मिरचीत कीटक परागकण इकडून तिकडे नेतात, आणि शेजारच्या गॅलरीत ढोबळी मिरची आहे. बी आजीचंच राहायला हवं ना!

दिवाळीत एक रोप गावी नेणार आहे. काकाला फोन केला तर म्हणाला, "आण, खड्डा मी खणून ठेवतो. पण पाणी कोण घालणार, ते आधी सांग." म्हटलं, काका, तूच. रोज नाही, कप उचलून बघायचं. तो म्हणाला, "जमिनीत लावल्यावर कप कुठून उचलू?"

खरंय. तिथलं तो मला शिकवेल.

तुमच्याही घरात अशी एखादी डबी असेल तर उघडून बघा, आणि सगळ्या बिया एकदम लावू नका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!