यादीच नाही, तर डावललं कुणी?

बाहेर पहाडगंजचा बाजार, हॉटेलवाल्यांच्या ई-रिक्षा, स्टेशनची गर्दी, हे सगळं ओलांडून तुम्ही एका मराठी भाषणाला आलात. जे पुढे हे मोबाइलवर बघतील किंवा पुस्तकात वाचतील, त्यांनी ती गर्दी कल्पनेनं ओलांडावी.

आजचा विषय भांडणाचा आहे. सिनेमाची नामांकनं आणि पुरस्कार जाहीर झाले की जे भांडण होतं, ते. "याला कसं मिळालं?" आणि "त्याला का डावललं?" हे दोन प्रश्न. मराठी माणूस पहिला प्रश्न हळू आवाजात विचारतो, दुसरा मोठ्यानं.

दिल्लीत या भांडणाला वेगळी धार आहे. राष्ट्रीय पुरस्कार इथेच, विज्ञान भवनात दिले जातात, इथून मेट्रोनं काही स्टेशनांवर. पण ज्या मराठी सिनेमाला पुरस्कार मिळतो, तो आपल्याला इथे थिएटरात बघायला मिळतोच असं नाही. एकेकाळी पहाडगंजला इम्पिरियल होतं, पलीकडे शीला होतं. शीला १९६१ मध्ये उघडलं, सत्तर एमएमच्या पडद्याचं. आज दोन्ही बंद. आणि चालू होती तेव्हाही तिथे मराठी लागत नव्हतं. आपल्याला मराठी सिनेमा कळायचा तो पुरस्काराच्या बातमीतून. सिरी फोर्टला पुरस्कारप्राप्त सिनेमे दाखवायचे, तेव्हा घरचं लग्न असल्यासारखी माणसं जायची. म्हणजे पुण्यातल्या प्रेक्षकाला पुरस्कार ही सिनेमा बघून झाल्यावरची गोष्ट, आपल्याला ती आधीची. यादीत नाव आलं नाही, तर इथल्या कित्येकांच्या दृष्टीनं तो सिनेमा झालाच नाही. म्हणून आपण जरा जास्तच तावातावानं भांडतो.

आमचा एक छोटा कट्टा आहे. त्यात सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक काका आहेत, नूतन मराठी शाळेत शिकलेले. करोल बागेत सोन्याच्या गलाईचं काम करणारा एक भाऊ आहे, मूळचा विट्याकडचा. एमए करणारी एक मुलगी आहे, ती सगळ्यांना मागे टाकेल इतके सिनेमे बघते. आणि मी. नावं सांगत नाही, त्यांना आवडणार नाही.

१ ऑगस्ट २०२५ ला एकाहत्तरावे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, २०२३ च्या सिनेमांसाठीचे. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष आशुतोष गोवारीकर. मराठीची चंगळ होती. 'श्यामची आई' सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट, 'आत्मपॅम्फ्लेट'साठी आशिष बेंडे यांना पदार्पणाचा पुरस्कार, 'नाळ २' सर्वोत्कृष्ट बालचित्रपट, शिवाय बालकलाकारांच्या पुरस्कारात आपलीही पोरं. साडी नेसून पुरस्कार घ्यायला आलेली छोटी त्रिशा ठोसर देशभर मोबाइलवर फिरली.

काका खूश. त्यांचं म्हणणं, १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळालं होतं, सत्तर वर्षांनी त्याच नावाला पुन्हा मान मिळाला, वर्तुळ पूर्ण झालं. मुलगी म्हणाली, "काका, पुरस्कार नावाला देतात की सिनेमाला? 'आत्मपॅम्फ्लेट'सारखा सिनेमा 'पदार्पण' म्हणून बाजूला का बसवला?" गलाईवाला भाऊ म्हणाला, "ताई, हे आजचं नाही. 'फँड्री'चं आठवा."

त्याचा मुद्दा वजनदार होता. २०१३ च्या पुरस्कारांत नागराज मंजुळे यांना 'फँड्री'साठी पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा. पण सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला 'आजचा दिवस माझा'. आज रस्त्यावर दहा माणसांना विचारा, त्या वर्षीचा मराठी सिनेमा कुठला? मला वाटतं, नऊ जण 'फँड्री' म्हणतील. मीही म्हणेन. 'आजचा दिवस माझा' वाईट होता असं नाही, तो मला आवडला होता. पण दोघांना एका तराजूत घातलं तर माझं पारडं कुठे झुकतं ते लपवायचं कशाला?

इथपर्यंत हे आवडीनिवडीचं भांडण झालं. ते कधी संपत नाही, आणि संपूही नये. मला बोलायचंय ते त्याच्या पुढचं. कारण 'डावललं' हा आरोप आहे, आणि आरोप करायचा तर आधी काम कसं चालतं ते बघायला हवं.

पहिली गोष्ट तारखेची. राष्ट्रीय पुरस्कारासाठी सिनेमा थिएटरात कधी लागला हे बघत नाहीत, सेन्सॉरचं सर्टिफिकेट कुठल्या वर्षातलं आहे ते बघतात. गलाईवाला भाऊ अजून सांगतो की 'सैराट' लागायच्या आधीच रिंकूला बक्षीस मिळालं, काहीतरी गडबड आहे. गडबड काही नाही. रिंकू राजगुरूचा विशेष उल्लेख जाहीर झाला २८ मार्च २०१६ ला, सिनेमा लागला २९ एप्रिलला. 'वाळवी'चंही तसंच, तो जानेवारी २०२३ मध्ये लागला आणि २०२२ चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. त्यामुळे 'यंदा अमुक सिनेमाला काहीच नाही' असं म्हणताना तो यंदाच्या गठ्ठ्यात होता का, हे आधी विचारावं लागतं.

दुसरी गोष्ट प्रवेशिकेची. सिनेमा आपोआप स्पर्धेत जात नाही, निर्मात्यानं अर्ज भरून पाठवावा लागतो. नाही पाठवला तर कुणी कुणाला डावललं?

तिसरी गोष्ट गाळणीची. आधी प्रादेशिक मंडळं बसतात. मराठी पश्चिम विभागात येते, गुजराती आणि कोकणीच्या शेजारी. तिथून शिफारस झालेले सिनेमे दिल्लीत केंद्रीय मंडळापुढे येतात. म्हणजे एखादा सिनेमा पडला, तर तो पहिल्या गाळणीत पडला की दुसऱ्या, हे निरनिराळं आहे. पहिल्यात पडला तर केंद्रीय मंडळातल्या बहुतेकांनी तो कदाचित बघितलाही नसेल. आणि आपण इकडे अध्यक्षांच्या नावानं बोटं मोडतो.

आता खरी अडचण इथे आहे. हे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत, तर उत्तर कुठे मिळणार? राष्ट्रीय पुरस्कारांना नामांकन हा प्रकारच नाही. थेट विजेत्यांची नावं वाचतात. शेवटच्या फेरीत कोण होतं, विभागानं कुणाची शिफारस केली होती, हे बाहेर येत नाही. हरलेला सिनेमा दिसतच नाही.

याच वर्षी मल्याळममध्ये हे फार ठळक झालं. 'आडुजीवितम'ला एकही पुरस्कार मिळाला नाही. त्यावर जाहीर प्रश्न कुणी विचारला? ज्यांना स्वतःला 'उल्लोळुक्कु'साठी सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला होता, त्या उर्वशी यांनी. मुख्य भूमिकेला सहायक का म्हटलं, हेही त्यांनी विचारलं. 'द केरला स्टोरी'च्या दिग्दर्शकाला पुरस्कार मिळाल्यावरून केरळात राजकीय वादळ उठलं, ते वेगळंच. पुरस्कार हातात असताना असा प्रश्न विचारायला धाडस लागतं. आपल्याकडे पुरस्कार मिळाला की लोक आभाराची पोस्ट टाकतात आणि गप्प बसतात.

यादी बाहेर आल्यानं काय होतं, ते ऑस्करच्या निवडीत दिसतं. ऑस्करला भारतातर्फे एक सिनेमा जातो, तो फिल्म फेडरेशन निवडतं. मराठीतले तीन गेले, २००४ मध्ये 'श्वास', २००९ मध्ये 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', २०१५ मध्ये 'कोर्ट'. नामांकन एकालाही नाही. 'श्वास'च्या वेळी प्रचारासाठी पैसे उभे करायला शाळेतल्या मुलांनी पणत्या विकल्या होत्या. काकांच्या डोळ्यांत ते सांगताना अजून पाणी येतं. मुलगी त्यांना म्हणाली होती, "काका, आपण पणत्या विकत होतो तेव्हा तिकडे लोक मतदारांना सिनेमा कसा दाखवायचा याचा धंदा करत होते." कठोर बोलली, पण खोटं नाही बोलली.

तर २०२४. कान महोत्सवात पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला ग्रां प्री मिळालं होतं. आपल्या फेडरेशननं २९ सिनेमांतून निवडला 'लापता लेडीज'. देशभर भांडण झालं, आमच्या कट्ट्यावर तर चहा थंड झाला. गंमत अशी, की मराठी माणसाची दोन्हीकडे माणसं. छाया कदम. 'लापता लेडीज'मध्ये स्टेशनवर टपरी चालवणारी मंजू माई त्याच, आणि पायलच्या सिनेमात मुंबईतलं घर कागदपत्रांअभावी सुटणारी, रत्नागिरीकडे परत जाणारी पार्वतीही त्याच. भाऊ म्हणाला, "कुठलाही गेला तरी आपलीच बाई जाते, भांडता कशाला?" हे मला त्या वर्षीचं सगळ्यात शहाणं वाक्य वाटलं, जरी ते भांडण मिटवायला अपुरं होतं.

पण बघा, तिथे २९ नावं बाहेर आली. निवड करणारे तेरा जण होते आणि तेराही पुरुष, हे कळलं. निवडपत्रात भारतीय स्त्रियांबद्दल जे एक वाक्य लिहिलं होतं, त्याची यथेच्छ टर उडाली. पायलचा सिनेमा भारतात घडणाऱ्या युरोपीय सिनेमासारखा वाटतो, असं फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलं, तेही कळलं. म्हणजे भांडायला काहीतरी हातात होतं. मला ते कारण पटत नाही. लोअर परळची चाळ, रात्रीची लोकल, कोकणातलं घर, यात युरोप कुठे आहे? पण कारण सांगितलं म्हणून मी ते नापसंत तरी करू शकतो. पुढे 'लापता लेडीज' पंधरांच्या यादीतही आला नाही. पायल कपाडियांना मात्र गोल्डन ग्लोबमध्ये दिग्दर्शनाचं नामांकन मिळालं. 'तेव्हाच सांगत होतो' म्हणायची आमची हौस भागली. तसं ते लबाडीचं आहे. पायलचा सिनेमा पाठवला असता तर नामांकन मिळालंच असतं, हे कुणी सिद्ध करू शकत नाही.

जाता जाता एक सांगतो, कारण दर जानेवारीत तुमच्या फॅमिली ग्रुपवर हा मेसेज येतो: 'अमुक भारतीय सिनेमा ऑस्करच्या यादीत!' २०२५ मध्ये 'कंगुवा'चं नाव असंच फिरलं. ती पात्रता यादी असते. अमेरिकेतल्या ठरावीक सहा महानगरांपैकी एका ठिकाणी आठवडाभर सिनेमा चालवायचा, कागद भरायचे, झालं. त्या वर्षी तिच्यात तीनशेच्या वर सिनेमे होते. परीक्षेला बसण्याचं हॉल तिकीट मिळालं म्हणून कुणी पेढे वाटत नाही. आणि तो सिनेमा पुढे गेला नाही की 'डावललं' म्हणूनही रडू नये.

आता महाराष्ट्राकडे या. आपल्या राज्य चित्रपट पुरस्कारात प्राथमिक फेरीनंतर नामांकनं जाहीर होतात. कुठले सिनेमे अंतिम फेरीत आहेत, अभिनयासाठी कोण, पटकथेसाठी कोण, सगळं छापून येतं. त्यावरही भांडणं होतात, निकाल रखडतो म्हणून बोंब होते, ती बरोबरच आहे. पण ज्या पोरानं पहिला सिनेमा केला आणि ज्याला शेवटी पुरस्कार मिळाला नाही, त्याच्या हातात 'नामांकित' एवढा एक शब्द राहतो. तो घेऊन तो पुढच्या निर्मात्याकडे जाऊ शकतो. दिल्लीत ज्याचा सिनेमा शेवटच्या फेरीपर्यंत येऊन पडला, त्याच्याकडे दाखवायला काय आहे? त्याला स्वतःलाही कळत नाही तो कुठवर आला होता.

त्यामुळे माझी मागणी साधी आहे. कोण जिंकावं यावर माझं काही म्हणणं नाही, परीक्षकांनी काय ठरवायचं ते ठरवावं. पाच विभागांनी केंद्राकडे केलेल्या शिफारशींची यादी निकालाच्या दिवशी जाहीर करावी. काका याच्या विरुद्ध आहेत. त्यांचं म्हणणं, यादी आली की मंडळावर दबाव येईल, भाषाभाषांत तुलना सुरू होईल, निर्माते कोर्टात जातील. मी म्हणतो, म्हणूनच निकालानंतर द्या, आधी नको. मुलगीचं म्हणणं याच्याही पुढचं, परीक्षकांनी मतंही जाहीर करावीत. ते मला जास्त वाटतं. आपलं मत उद्या गावभर होणार हे माहीत असलं, तर माणूस आवडलेल्या विचित्र सिनेमाला मत द्यायला कचरेल आणि सगळ्यांना चालेल अशा सिनेमाला देईल.

तोवर आम्ही आमच्या परीनं एक काम चालवलंय. शंभर पानी वही आहे, काकांच्या अक्षरातली. प्रत्येक मराठी सिनेमापुढे सर्टिफिकेटचं वर्ष, लागल्याची तारीख, दिल्लीत कुठे बघायला मिळाला की नाही, आणि काय मिळालं, एवढे रकाने. शेवटचा रकाना बऱ्याच ठिकाणी रिकामा आहे. दुसऱ्या शेवटचा त्याहून जास्त. वही मी आज बरोबर आणली आहे, इथे टेबलावर ठेवतो. चहाच्या वेळी बघा, आणि ज्यांनी दिल्लीत कुठे मराठी सिनेमा पडद्यावर बघितला असेल त्यांनी जागा आणि तारीख त्यात लिहा. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या आजी कधीपासून हात वर करून बसल्या आहेत, आधी त्यांचा.