आरंभ ५१२ बाइटांचा



'ऑपरेटिंग सिस्टिम बांधावयास कोठून आरंभ करावा?' असे साखर पेठेतील एका विद्यार्थ्याने परवा आम्हांस विचारले. सोलापुरात याचे उत्तर सोपे आहे. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी आज उरली नाही, पण जॉबर हा शब्द आपणांस परका नाही. माग कोणाचा, पाळी कोणाची, हे तो पाही. संगणकात प्रोसेसर एक आणि कामे अनेक असली, की पाळ्या लावणारा असाच कोणी लागतो.

आरंभ मात्र बेताचा असावा. जुन्या धाटणीचा संगणक सुरू होताच डिस्कवरील पहिले ५१२ बाइट वाचतो. शेवटच्या दोहोंत ठरावीक खूण असेल तरच कारभार त्यांच्या हाती देतो. एवढ्या जागेत पडद्यावर एक अक्षर उमटवून दाखवावे. आम्ही ती खूणच विसरलो आणि दोन रात्री काळा पडदा पाहत बसलो! हे प्रयोग संगणकाचे सोंग घेणाऱ्या क्यूईएमयू या मोफत प्रोग्रॅमवर करावेत, म्हणजे वडिलांचे हिशेब शाबूत राहतात.

पुढे पाळ्या. हेलसिंकीच्या लिनस टोर्व्हाल्ड्सने १९९१ साली आरंभी दोनच कामे धरली: एकाने 'ए' छापावयाचा, दुसऱ्याने 'बी'. घड्याळाचा ठोका पडला की पाळी बदले. त्यातूनच लिनक्स वाढले.

आमच्या विद्यार्थ्यास मामाच्या दुकानातील जुना संगणक रात्री दहानंतर मिळतो. या कामास तो पुरेल.