दोन नद्यांमधील परभणी
(परभणी येथील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपल्याकडे गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस विरळाच. ती गंगा. तिच्या काठी वसले ते गंगाखेड, संत जनाबाईंचे गाव. तिच्या दोन्ही तीरांवरचा मुलूख ती गंगाथडी. दक्षिणेस ही गंगा आणि उत्तरेस दुधना व पूर्णा. या जलधारांच्या मधोमध पाथरी, मानवत, परभणीचा काळ्याभोर मातीचा पट्टा पसरला आहे. अशी भूमी लाभूनही येथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे पाहत राहिला, याचे कारण काय?

एक कारण इतिहासात आहे. मांजरा नदी उगम पावते बीड जिल्ह्यात. पण निजामाने तिच्यावर १९३१ साली निजामसागर पूर्ण केला, तो आजच्या तेलंगणात. मराठवाड्याच्या वाट्याला काय आले, ते आपण जाणताच. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा प्रदेश मुक्त झाला, तरी पाणी यायला आणखी दोन-तीन दशके जावी लागली. पूर्णेवर येलदरी धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. पैठणच्या जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे १०२ टीएमसी क्षमतेच्या त्या नाथसागरातून निघणारा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा. त्याचे नियोजित लाभक्षेत्र सुमारे १ लाख ४१ हजार हेक्टर.

हे आकडे डोळे दिपवणारे आहेत. परंतु परभणी जिल्हा या कालव्याच्या शेपटाकडे आहे, हे विसरून चालणार नाही. पाणी आधी छत्रपती संभाजीनगर आणि जालना जिल्ह्यांतून येते. वाटेत गळती, फुटलेले अस्तर, गाळाने भरलेल्या चाऱ्या, आणि माथ्याला उभा असलेला ऊस. जी व्यवस्था प्रामुख्याने कापूस, ज्वारी, गहू, भुईमूग यांच्यासाठी आखली गेली, तिच्यावर बारमाही पिकाचा भार पडला, तर शेवटच्या चारीत धूळच उरणार. शेजपाळीत पाणी खालून वर द्यावे, असा संकेत आहे. तो किती चाऱ्यांवर पाळला जातो, हे येथे बसलेल्यांनीच सांगावे!

वरच्या धरणांशी असलेला वाद आपल्याला अधिक परिचयाचा आहे. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने असे ठरले की, १५ ऑक्टोबरपर्यंत जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडावे. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. हा आपला हक्कच आहे. पण नाशिकशी भांडताना आपल्याच वितरिकेवरील वरच्या गावाने खालच्या गावाचे पाणी तोडले, तर समन्याय कोणत्या तोंडाने मागायचा?

गंमत अशी की, ज्या नाशिकशी आपले भांडण, तेथेच शिकण्यासारखे उदाहरणही आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्प शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांनी चालवायला घेतला. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी त्यासाठी आयुष्याची वर्षे वेचली. पाणी मोजून घ्यायचे, पट्टी भरायची, आणि शेवटच्या शेतापासून वाटप सुरू करायचे. सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करणारा कायदाही २००५ मध्येच झाला. संस्था कागदावर राहिल्या की खऱ्या झाल्या, हा फरक मात्र गावाने घडवायचा असतो.

आणखी एक गोष्ट. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. निचरा नसेल तर चार-दोन वर्षांच्या अमाप पाण्याने शेत चिबड होते, मग क्षारपड. माथ्यावरचा शेतकरी अति पाण्याने आणि शेपटाचा पाण्यावाचून बुडावा, असा हा प्रकार आहे. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले कृषी विद्यापीठ याच परभणीत आहे. निचऱ्याचा प्रश्न घेऊन तेथे आपल्यापैकी किती जण गेले?

रब्बीपूर्वी कालवा सल्लागार समितीची बैठक होईल. तेथे किती आवर्तने मिळणार, हे विचारतोच आपण. या वेळी शेवटच्या चारीचे पाणी मोजणार कोण आणि कोणत्या दिवशी, एवढे लेखी मागून घ्या.