पहिलीचा पट अंगणवाडीत ठरतो



सीमाभागातल्या मराठी शाळांचा विषय निघाला की आपण पहिलीच्या वर्गापासून बोलायला लागतो. पट घसरला, शिक्षक नाहीत, वर्ग गळतात. सगळं खरं आहे. पण मी आज तुम्हाला पहिलीच्याही तीन वर्षं मागं नेणार आहे, अंगणवाडीत.

हा शब्द आपल्या जवळचा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. गरिबाची पोरं शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. पुढं 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली.

आता सांगा, तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत किती पोरं आहेत? नुसता आकडा विचारू नका. यादीत सहा महिन्यांच्या बाळापासून सगळे असतात. शाळेच्या हिशेबात धरायची ती तीन ते सहा वर्षांची पोरं. त्यातही नाव असलेली किती आणि रोज येऊन बसणारी किती, हे वेगळं बघा. मग तिसरा प्रश्न: घरी कुठली भाषा बोलतात?

मी जिथं जिथं जाऊन बसलो, तिथं एकाच चटईवर मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं दिसली. कुणाचा बाप गवंडी, कुणाची आई दुसऱ्याच्या शेतात भांगलणीला. चार पैसे हातात असलेल्यांची पोरं सकाळी व्हॅनमधून इंग्रजी नर्सरीला गेलेली असतात, त्यात मराठी घरंही आली. म्हणजे चटईवर उरलेलं मराठी पोर बहुतेक गरिबाघरचं. मराठी शाळा बंद पडली तर व्हॅनमधल्या पोराचं अडत नाही, याचं अडतं.

याच्यासाठी कागदावर काय आहे? राज्यघटनेचं कलम 350 अ सांगतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्यानं करावी. त्याच्याही आधी, 1949 साली, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं होतं: एका भाषेची शाळेत 40 किंवा एका वर्गात 10 मुलं असली, तर त्या भाषेतून शिकवायला निदान एक शिक्षक द्यावा. पालकांच्या भाषेच्या पसंतीची आगाऊ नोंद ठेवायची, हेही पुढं मान्य झालेल्या संरक्षणात आहे. हे सूत्र म्हणजे कायदा नव्हे, पण मागणीला आधार आहे.

यातली मेख बघा. समजा, तुमच्या गल्लीत पुढच्या वर्षी पहिलीला जाणारी 12 मराठी पोरं आहेत. त्यातली पाच नर्सरीला गेली, राहिली सात. दहाचा आकडा हुकला, शिक्षक मागायचा आधार गेला. आणि 12 च्या 12 असूनही त्यांची भाषा कुठंच लिहिलेली नसेल, तर तुम्ही मागणार कशाच्या जोरावर? जून उजाडल्यावर "मुलंच नाहीत" असं उत्तर मिळतं, आणि ते खोडायला आपल्याकडं कागद नसतो.

तेव्हा काम सोपं आहे. जानेवारी-फेब्रुवारीत तीन-चार जणांनी मिळून घरोघर फिरा. पोराचं वय, घरची भाषा, पालकांना शाळा कुठल्या माध्यमाची हवी, एवढंच वहीत लिहा. पालकांची सही घ्या. अर्ज शाळेत आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं द्या, पोच घ्यायला विसरू नका.

दोन गोष्टी सांभाळा. अंगणवाडीच्या बाईंशी भांडू नका. तुटपुंज्या मानधनावर आहार, वजन, लसीकरणाची आठवण, मोबाईलवरची नोंद, सगळं त्याच बघतात. गल्लीतल्या प्रत्येक घराची माहिती त्यांना असते. त्यांना "बाई, काय मदत करू?" असं आधी विचारा. दुसरं, शेजारच्या कन्नड आणि उर्दू पोराची भाषाही तितक्याच नीट लिहा. त्याच्या आईची भाषा त्याला तेवढीच प्यारी आहे. आपली वही खरी असेल तरच ती टिकेल.

मोर्चाला तुम्ही येताच. यंदा त्याआधी एक वही आणि पेन घेऊन आपल्या गल्लीतून फिरून या.