टिकतं किती?

अत्तराच्या दुकानात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: “टिकतं किती?” जणू सुगंध नव्हे, भिंतीचा रंग घ्यायला आलेत!

या प्रश्नाचं उत्तर वसई पूर्वेच्या सातिवलीकराला जवळच मिळेल. गाळ्यांमधल्या तापल्या प्लास्टिकचा वास नाकात घेऊन त्याने पहाटे रूळ ओलांडावेत आणि पश्चिमेच्या वाड्यांत जावं. तिथे सोनचाफा खुडणं चाललेलं असतं. ताजं फूल नाकाशी धरलं की आधी हिरवट, जरासा चहाच्या पत्तीसारखा वास येतो, मागून पिकल्या फळाचा गोडवा. दुपारी पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडतात आणि त्या गोडव्यात आंबूस छटा उतरते. चाफ्याचं म्हणून विकलं जाणारं पुष्कळसं अत्तर सकाळी जसं, तसंच रात्री. तिथेच त्याचं बिंग फुटतं.

लिंबू-संत्र्याचे हलके रेणू भराभर उडतात, चंदन-कस्तुरीचे जड रेणू रेंगाळतात. म्हणून लिंबाच्या सेंटने दिवसभर टिकावं ही अपेक्षाच चुकीची. कनौजला तांब्याच्या देगेत फुलं उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते. तिथे पारंपरिक पद्धतीत चंदनाचं तेल तिची वाट पाहत असतं. टिकण्याचं बरंचसं श्रेय या तेलाचं, फुलाचं कमीच.

कनौजपासून दूर, पॅरिसमध्ये १९७६ साली जाँ लापोर्त यांनी ‘लार्तिझां पार्फ्यूमर’ काढलं. बड्या कंपन्यांपासून फटकून राहणाऱ्या छोट्या, चोखंदळ अत्तरघरांतलं ते एक आद्य घर. त्याच जातकुळीच्या, लंडनच्या ‘ऑर्मंड जेन’चं तर ‘चंपाका’ नावाचंच सेंट आहे. त्यात चाफ्याला जोड बासमतीची. परदेशी म्हणून नाक मुरडू नये. देवापुढे चाफा आणि चुलीवर भात, ही सकाळ वसईच्या घरांना काही नवी नाही.

अत्तर पारखायचं तर थेंब मनगटावर ठेवावा. चोळू मात्र नये! (ही खोड कुणी लावली कोण जाणे.) दहा मिनिटांनी एकदा हुंगावं, दोन तासांनी पुन्हा, आणि निजताना एकदा. एका बैठकीत तीनाहून जास्त सेंटं नकोतच, नाक बधिर होतं. श्रोत्यांपैकी कुणाच्या घरी आज सोनचाफा असेल, तर त्याने आधी त्या फुलापासूनच सुरुवात करावी.

वसईची फुलं पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजाराला जातात. दादरला गाठोडी उतरतात, डबा रिकामा होतो. पुढच्या प्रभादेवी स्थानकात कुणीतरी चढतं, क्षणभर थबकतं आणि फुलं कुठे दिसतात का ते बघत राहतं.